दुधाचा नवस

देवानं लाज सगळ्यांना थोडी थोडी वाटून दिली असेल, पण माझ्या आणि निम्म्या सांगली जिल्ह्याच्या वाट्याची लाज माझ्या एकट्या रूम पार्टनरच्या पदरात पडली, असं माझं पक्कं मत आहे. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या खोलीवर तो पहिल्यांदा आला तेव्हा दार मी त्याच्या कपाळावर आपटलं आणि माफी त्यानं मागितली. एसटीत कुणी त्याच्या पायावर पाय दिला, तर हा आपला पाय तिथं असल्याबद्दल ओशाळायचा. परीक्षेत शेजारचा कॉपी करताना सापडला, की घाम याला फुटायचा. असा हा माणूस कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला व्हीगन झाला आणि त्याच्या लाजेला नवं कुरण मिळालं.

झालं एवढंच, की त्यानं मोबाइलवर गाईपासून वासरू तोडतानाचा एक व्हिडिओ बघितला. दुसऱ्या दिवशी दूध, दही, तूप, अंडी, मटण, इतकंच काय मधसुद्धा बंद. आता व्हीगन झालेली माणसं मी नंतर पुष्कळ पाहिली. ती समोरच्याच्या ताटातल्या चिकनकडं असं बघतात, की घास घशात अडकावा. हा मात्र व्यसन लागल्यासारखा ते लपवायचा. चहाच्या टपरीवाल्याच्या कानाशी जाऊन "कोरा द्या" असं इतकं हळू सांगायचा, की तो बिचारा आधी भलतंच काही समजला होता. मेसच्या काकूंना वाटलं, पोराचे उपास चाललेत. "कवा सुटणार रं तुजं उपास?" असं विचारत त्या मायेनं याच्या भातावर तुपाची धार सोडायच्या. त्यांना नको म्हणायची लाज वाटे, म्हणून तो ताट हळूच माझ्याकडं सरकवायचा. त्याच्या तत्त्वांनी त्या वर्षी माझं पोट सुटलं आणि तो सांगलीच्या भडंगावर जगला.

खरी पंचाईत घरची होती. हा जतकडचा, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणाऱ्या घरातला. येताना आईनं घरच्या लोकरीचं घोंगडं दिलं होतं. ते त्यानं घडी घालून कपाटावर ठेवलं आणि ऐन थंडीत सुती चादरीखाली कुडकुडत राहिला. "पांघर की लेका, मेंढरू काय परत मागायला येतंय?" असं मी म्हटलं, तर म्हणाला, "तसं न्हवं गड्या. घेतलं तर मेंढरांची लाज वाटती, न्हाई घेतलं तर आईची."

दिवाळीला घरी गेल्यावर आईनं शेळीच्या ताज्या दुधाचा पेला हातात दिला. मेंढरांवर जगलेल्या घरात दूध हे पाप आहे असं कुठल्या तोंडानं सांगणार? तो गडबडला आणि बोलून गेला, "नवस बोललोय. दूध सोडलंय." आमच्याकडं ही गोष्ट कुणालाही पटते. आपली मागणी पुरी होईपर्यंत कुणी चप्पल सोडतं, कुणी गोड सोडतं. कशासाठी, हे तिनं विचारलं नाही, कारण सांगितलेला नवस फळत नाही. पण त्याच्या आबांचं, म्हणजे वडिलांचं, हृदयाचं ऑपरेशन मिरजेला ठरलं होतं, तेव्हा आईनं काय समजायचं ते समजून घेतलं.

ऑपरेशन झालं, आबा बरे होऊन घरी गेले आणि आईचा फोन आला. "तुजा नवस पावला बग! आइतवारी बिरोबाला बकरं कापायचं. भावकीला सांगावा धाडलाय. समद्यांम्होरं दूध पिऊन नवस फेडायचा." दुधाच्या थेंबालाही न शिवणाऱ्या माणसाच्या नावानं बकरं कापलं जाणार होतं. मला हसू आवरेना, पण त्याचा चेहरा बघून आवरावं लागलं. त्यानं मला सोबतीला ओढून नेलं.

बकरं दारातच बांधलं होतं, कपाळाला हळद लावून. आबा बाजेवर बसून आल्यागेल्याला सांगत होते, "माझ्या पोरानं माझ्यापायी दुधावर पाणी सोडलं." आजारानं निम्मा झालेला तो माणूस हे सांगताना ताठ बसायचा. माणसं जरा बाजूला झाल्यावर हा त्यांच्या पायाशी बसला. "आबा, नवस न्हवता. आईला काय सांगावं कळंना, म्हून खोटं बोललो. दूध मी माझं मीच सोडलंय. बकरं कापू नगा."

आबांनी एवढंच विचारलं, "मंजे माझ्यासाटनं तू काय मागितलंच न्हाईस व्हय?"

आम्ही दोघंही बकऱ्याकडं बघत बसलो. आबा छातीला हात लावून उठले, त्यांनी स्वतःच्या हातानं दावं सोडलं आणि जमलेल्या भावकीला सांगितलं, "पोराचा नवस जलमभराचा हाय. फिटायचा न्हाई. बकरं नगं." मटणाच्या आशेनं आलेली भावकी आमटी-भात खाऊन, मनातल्या मनात त्याच्या भक्तीला शिव्या देत परतली.

तेव्हापासून तो गावी गेला, की बायका आपल्या पोरांना दाखवतात, "बापासाठी जलमभर दूध सोडलेला पोरगा त्यो." हा चपलांकडं बघत निघून जातो. ते बकरं आता दाढीवालं म्हातारं झालंय आणि वाटेल तिथं तोंड घालत गावभर हिंडतं. आबाही थकलेत. परवा त्यांचं दुखणं पुन्हा वर आलं म्हणून मिरजेला नेलं, तेव्हा मी भेटायला गेलो. दवाखान्याबाहेर दोघंही कोरा चहा घेत उभे होतो. माझी माफी मागावी तसा तो म्हणाला, "आबांच्यासाठी आज खरंच नवस बोलावा वाटतोय रं. पर सोडू काय? समदं आधीच सोडून बसलोय."