दोन दिवसांचा एक गुरुवार

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्या कुंडल गावातली रीत. पण माझी लेक सॅन फ्रान्सिस्कोला, आणि डॉक्टरांनी तिला विमानाचा प्रवास साफ बंद केलेला. फोनवर म्हणाली, "मला येता येत नाही, तर तू तरी ये ना गं." पण मला कोयनानगरच्या घाटात गाडी शिरली की ओकारी सुरू! इतक्या लांब जायचं कसं?

आमचे हे मिलिटरीतून रिटायर झालेले. तिकीट डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "आगं, मुंबईत दुपारी चारला बसायचं, त्याच दिवशी रातीच्या आठाला उतरायचं. चार तास! कराडासनं कोयनानगरला जाऊन यायला तेवढं लागत्यात की."

"आवं, खरंच?"

"घड्याळ काय खोटं बोलतंय व्हय?"

चार तास म्हटल्यावर धीर आला. निघायचा वार गुरुवार, म्हणजे माझा उपवास. लेकीची सुखरूप सुटका व्हावी म्हणून धरलेला. तिच्या घरी, तिच्या हातचं खाऊनच सोडीन, असं मी देवापुढं बोलून बसले.

विमानात जेवण आलं, परत पाठवलं. बाहेर अंधार पडला. चार तास कधीच होऊन गेलेले. शेजारच्या पोरीला विचारलं, "आलं का गं?" तिनं समोरच्या पडद्यावर बोट ठेवलं. सगळा रस्ता साडेतेरा हजार किलोमीटरचा, आणि अजून अकरा तास बाकी!

"तिथलं घड्याळ आपल्या मागं असतं, काकू."

असा संताप आला नवऱ्याचा! हा माणूस सरहद्दीवर नकाशे उलटे धरत होता की काय? आणि संतापापेक्षा भीती मोठी. लेकीचे दिवस भरत आलेले. मी अशी अधांतरी, आणि तिकडं कळा सुरू झाल्या तर? ना उतरता येतंय, ना फोन लावता येतोय. लिंबू हुंगत, देवाचं नाव घेत बसले. पोरगी म्हणाली, "काकू, रात्र झाली, सोडा की आता उपवास." पण बोललेलं मोडवेना. एक केळं तेवढं खाल्लं. रात्र सरली, चांगलं लख्ख उजाडलं, पुन्हा जेवण आलं, तेही परत गेलं.

उतरले, तर तिथं अजून गुरुवारच!

जावई न्यायला आलेले. पाय जमिनीला टेकले तसं आधी विचारलं, "कशी आहे?"

"वाट बघतेय तुमची."

तेवढ्यात त्यांच्या फोनवर आमचे हे. "पोचलीस व्हय? लय येळ लावलास गं!" मी म्हटलं, "घरी आल्यावर बघते तुमच्याकडं."

दार लेकीनंच उघडलं. पोट हे एवढं, पाय सुजलेले, तरी वरणभात रांधून ताट वाढून ठेवलेलं. मी पहिला घास घेतला, तशी ती शेजारी बसली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

"आले बाई एकदाची माहेरी," ती म्हणाली. मी ताटातला दुसरा घास तिला भरवला.