शनिवारी चुकणारं वेळापत्रक

स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला इतक्या उत्साहानं पुढे येणारा माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही. ऐंशीच्या दशकात वाशीच्या आमच्या नव्या कॉलेजात माझे हे सहकारी संगणक शिकवत आणि मी गणित. वर्गात काही चुकीचं सांगितल्याचं आठवलं की त्यांना जेवण जात नसे. एका रविवारी भल्या सकाळी ते अशीच एक चूक दुरुस्त करायला बस पकडून पावणे गावात एका विद्यार्थिनीच्या घरी पोचले. तिच्या आईनं दारातच विचारलं, "चुकलाव तुमी, मंग माझे पोरीला कशाला उठवताव?" हा प्रश्न त्यांना इतका बिनतोड वाटला की सोमवारी स्टाफरूममध्ये त्यांनी तो भेटेल त्याला कौतुकानं ऐकवला.

अशा माणसाला नोकरीत कायम करायचं की नाही, हे ठरवायला प्राचार्य, बाहेरून आलेले एक तज्ज्ञ आणि मी असे तिघे बसलो होतो. नकार आला तर जूनपासून नोकरी नाही. आणि वहिनींनी दोन्ही मुलींची नावं नुकतीच इथल्या शाळेत घातलेली. विचारलं तेवढंच बोला, असं मी त्यांना पुन्हा पुन्हा बजावलं होतं. मुलाखत छान चालली. कॉलेजच्या वेळापत्रकासाठी त्यांनी लिहिलेला प्रोग्राम पाहून तज्ज्ञ खूश झाले, यात एकही चूक दिसत नाही म्हणाले. हे नुसते हसले असते तरी भागलं असतं. मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. तो बाजूला घेऊन ते म्हणाले, "सर, शनिवारी तो चुकतो. एकाच मास्तरांना दोन वर्गांवर पाठवतो. मी हातानं दुरुस्त करतो."

त्यांना बाहेर बसायला सांगून प्राचार्य माझ्याकडे वळले. "तुम्ही गणिताचे. प्रोग्राम चुकतो की नाही, एवढंच सांगा."

"चुकतो," मी म्हणालो, "पण त्यांनी सांगितलं नसतं तर आपल्याला कळलं असतं का?"

तज्ज्ञ बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत राहिले. अखेर ठरलं, आणखी एक वर्ष प्रोबेशन.

पुढच्या वर्षी ते कायम झाले. पण मला आठवते ती त्या मुलाखतीच्या दिवशीची संध्याकाळ. मी त्यांच्याबरोबर घरी गेलो होतो. वहिनींनी सगळं उभ्यानंच ऐकलं आणि चहा टाकायला वळताना हळूच मला म्हणाल्या, "मुलींना इतक्यात कळू देऊ नका." मी मान हलवली. बाहेरच्या खोलीत मात्र दोघी मुलींना जवळ घेऊन हे गृहस्थ आपलं काय चुकलं ते पहिल्यापासून सांगायला बसले होते.