हवा सांगणारं यंत्र

निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला जातात, माझ्या बाबांनी ट्रक घेतला. सहा चाकांचा. ड्रायव्हर ठेवायचा विषय काढला की त्यांना अपमान वाटायचा, त्यामुळे भोपाळ-नागपूर स्वतःच चालवायचे. निघण्यापूर्वी सगळे टायर टॉमीच्या लोखंडी दांड्यानं ठोकायचे, कान लावून आवाजावरून हवा ओळखायचे आणि मास्तरांसारखे म्हणायचे, "पास!"

मागच्या उन्हाळ्यात असाच पास झालेला एक टायर इटारसीच्या पुढं फुटला. ट्रक कसाबसा कडेला लागला. आईनं धरलेला अबोला बाबांनी टायरची हवा सांगणारं यंत्र बसवायचं कबूल केल्यावरच सुटला.

भोपाळजवळच्या मिसरोदच्या दुकानात बाबा मुलगी बघायला आल्यासारखे ऐटीत बसले. प्रत्येक स्थळात खोट. व्हॉल्व्हवर टोपणासारखे बसणारे सेन्सर ढाब्यावर चहा पिईपर्यंत चोरीला जाणार. आत बसणारे घ्यावेत तर सगळे टायर उतरवा. स्क्रीन उन्हावर चार्ज होते म्हटल्यावर मला म्हणाले, "मंग पावसाळ्यात काय करायचं?"

"अंकल, आवाज तो सुनिए," म्हणत दुकानदारानं नमुन्याच्या टायरमधली थोडी हवा सोडली. काउंटरवरचं यंत्र असं टिपेला जाऊन किंचाळलं, की मी कानांवर हात ठेवले आणि पायरीवरचं कुत्रं उठून गेलं.

बाबा ढिम्म. "ये तो बजईच नहीं रहा, भैया. दूसरा दिखाओ."

दुसरं किंचाळलं. "ये भी ख़राब."

मला हसू आवरेना. भाव पाडायच्या त्यांच्या युक्त्या मला लहानपणापासून पाठ होत्या, पण ही नवीन होती. तिसरं सुरू झालं तेव्हा ते पुढं वाकले आणि टायरला लावायचे तसा यंत्राला कान लावून थांबले. आवाजाची वाट बघत होते. माझं हसू जिरलं.

दुकानदारानं हळूच बटण बंद केलं. बाबांनी आमची तोंडं बघितली आणि उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेले.

"वाजत होतं?"

"हो, बाबा."

"तिन्ही?"

मी मान हलवली. रस्त्यावरून एक भरलेला ट्रक गेला. त्याची घरघर ऐकू आली तसं त्यांनी जरा आशेनं वळून पाहिलं.

"आईला नको सांगू," ते म्हणाले.

"तिला माहीत असणार, आत्ता कळतंय मला. जेवताना ती तुमच्या डाव्या, चांगल्या कानाकडं सरकून बसते, ते उगाच?"

"मंग बोलली कशी नाही कधी?"

"बोलली की. ट्रक चालवू नका म्हणून कितीदा बोलली. तुम्हाला ऐकूच गेलं नाही."

मला वाटलं, चिडतील. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून दुकानाकडं वळले.

"चल आत. यंत्र घेऊ. अन् चांगला ड्रायव्हर कोण हाय, तेही विचारू त्याला."