लॉगबुकातला ख्रिस्तविरोधक

जगातले सगळे ख्रिस्तविरोधक आमच्या नागपूरच्या घरमालक काकांच्या टीव्हीवरच हजेरी लावून पुढे जात असावेत. शेवटच्या काळी देवाचा वैरी गोड बोलत येईल आणि लोक त्याच्या पाया पडतील, हे काकांनी लहानपणी चर्चमध्ये ऐकले होते. तो कोण, एवढेच ठरायचे राहिले होते. कोराडीच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये काकांचा जन्म गेला, त्यामुळे निवृत्तीनंतरही लॉगबुक, म्हणजे रोजची नोंदवही, सुटले नाही. वेळ, चॅनेल, संशयित, सही. या आठवड्यात एखादा राष्ट्राध्यक्ष, पुढच्यात त्याचाच विरोधक, मध्येच एक लसवाला डॉक्टर. काका बसत, उठत, पुन्हा टीव्हीसमोर उभे राहत. "हा लई हसून राहिला." काकू आतून म्हणत, "हसनाराबी तोच, रडनाराबी तोच. भाजी आनाले जाता, का ठेल्यावरबी तोच बसला हाय?"

उमरेडहून आलेला मी घरातला पहिलाच कॉलेजात जाणारा. काकांनी मुलाचे टेबल माझ्या खोलीत आणून ठेवले. "पोरगा अमेरिकेत हाय. तू बस गा." त्याच टेबलावर मी पदवीचा अभ्यास केला आणि पुढे एका न्यूज पोर्टलवर मथळे लिहू लागलो. एका अमेरिकन अब्जाधीशावर लिहिले, 'हाच तो ख्रिस्तविरोधक?' प्रश्नचिन्ह टाकले की आपण सुटलो, असे तिथल्या साहेबांनी शिकवले होते.

काकांचा मुलगा त्याच अब्जाधीशाकडे नोकरीला. काकांनी तो मथळा वाचून नोंद केली आणि तीन रविवार मुलाचा फोन उचलला नाही, काकूंनाही उचलू दिला नाही. "त्याची नोकरी सोड म्हना, मंग बोलतो." फोन वाजायचा, काका अंगणात येरझारा घालायचे, काकू पदराचे टोक पिळत बसायच्या.

चौथ्या रविवारी मला राहवेना. "काका, ते मीच लिहिलं."

"काहून? तुले तो तसा वाटला?"

"नाही. लोक वाचतात म्हणून."

एका मीटरचा काटा हलला म्हणून काकांनी वीज केंद्रात कधी युनिट बंद केले नव्हते. आधी माणूस खाली मशीनपाशी पाठवायचा, तो पाहून सांगेल ते खरे. हे त्यांनीच मला शंभरदा ऐकवलेले. त्यांनी लॉगबुक काढले, त्या नोंदीवर रेघ मारली आणि खाली लिहिले, 'मीटर खराब.' सही केली. फोन वाजला तेव्हा स्वतः उचलला. "जेवला का गा?" एवढेच विचारले आणि फोन काकूंकडे दिला.

आता काका-काकू मुलाकडे असतात. लॉगबुक माझ्या टेबलावर आहे. मथळा पाठवण्याआधी मी ते रेघ मारलेले पान उघडतो. कोणता मीटर, मी की ते स्वतः, हे काकांनी लिहिलेले नाही.