गच्चीवरचं बाळंतपण

कंत्राटदार बोलल्या दिवशी आला असता तर यातलं काहीही घडलं नसतं, असं माझं आजही स्पष्ट मत आहे.

आमचं घर नाशिकला, मखमलाबाद रोडच्या बाजूला, बैठं, वर मोकळी गच्ची. बाहेरून अठरा पायऱ्या चढून वर जायचं. मागच्या खोलीचा स्लॅब दोन पावसाळे गळत होता. आम्ही नवरा-बायको दोघंच, त्यामुळे खाली बादली ठेवून भागायचं. पण यंदा त्याच खोलीत लेक बाळंतपणाला येणार होती, आणि तिची तारीख होती जूनच्या मध्यावर. बाळंतिणीच्या डोक्यावर पाणी ठिबकतंय हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. म्हणून फेब्रुवारीपासूनच मी गच्चीच्या दुरुस्तीमागे लागले.

एप्रिलमध्ये एकदाची माणसं आली. त्यांनी जुना कोबा फोडला, पावसाचं पाणी जायचं भोक उकरून चांगलं वीतभर केलं, नव्या कोब्यासाठी विटांचे तुकडे आणि खडी गच्चीभर पसरली आणि "उद्या येतो ताई" म्हणून निघून गेली. त्यांचा उद्या बारा दिवसांनी उजाडला. तोवर त्या खडीत टिटवीने चार अंडी घातली होती.

घरटं म्हणावं असं काही नव्हतंच. खडी जरा बाजूला सारलेली आणि मधे मातकट, काळ्या डागांची अंडी. एक माणूस घमेलं घेऊन पुढे गेला, तर नर-मादी दोघंही ओरडत त्याच्या डोक्यावर झेपावली. माणसं जी खाली उतरली ती परत चढलीच नाहीत. टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणतात. ज्या कंत्राटदाराला मी फोन करकरून जागेवर आणलं होतं, त्याला आमच्या टिटवीने पाच मिनिटांत पळवून लावलं. "पिल्लं उडून गेली की कळवा," असं वर मलाच सांगून गेला.

एव्हाना लेक माहेरी येऊन पोचली होती. मग सल्लागार सुरू झाले. पंचवटीतून माझ्या मोठ्या नणंदबाई आल्या. "वहिनी, टिटवीने घरावर ओरडणं चांगलं नाही हो." मी म्हटलं, मग अंडी उचलून पलीकडच्या प्लॉटवर ठेवते. तर म्हणाल्या, "छे, घरात पोर अवघडलेली असताना कुणाच्या अंड्यांना हात लावू नये." म्हणजे ठेवली तरी अशुभ, हलवली तरी अशुभ. मग करायचं काय, असं विचारल्यावर त्यांनी चहा मागितला.

गिरणाऱ्याहून रोज सकाळी भाजी घेऊन येणाऱ्या बाईंचं वेगळंच. त्या फाटकातूनच वर बघत म्हणाल्या, "ताई, टिटवीनं एवढी उंच अंडी घातली? मंग औंदा पाणी लय हाय. लवकर पडंल बघा." दुसऱ्या दिवशी त्यांच्या दोन जावा खास अंडी बघायला आल्या. टोमॅटोची लागण कधी करायची ते ठरवायचं होतं म्हणे. माझ्या गच्चीचं हवामान खातं झालं आणि त्या खात्याचा अंदाज असा की पाऊस लवकर, भरपूर, आणि आमचा कोबा फुटलेला.

मी असलं काही मानत नाही. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलंय. तरी पहाटे टिटवी ओरडली की मी उठून लेकीच्या दाराशी जायचे आणि तिचा श्वास ऐकून परत यायचे.

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी तिला दिवस राहिले होते आणि चौथ्या महिन्यात सगळं संपलं. त्या दिवाळीत मीच हट्टाने दोघांना पुण्याहून बोलावून घेतलं होतं. "गाडीत बसून तर यायचंय," असं म्हणाले होते मी. परत गेल्यावर आठवड्याच्या आत ते झालं. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

त्यामुळे या वेळी मी काही म्हणजे काही शिल्लक ठेवणार नव्हते. लेक सातव्यात आली त्या दिवसापासून तिला जिना चढायचा नाही, वाकायचं नाही, वरच्या फळीवरचं काढायचं नाही, लॅपटॉप मांडीवर घ्यायचा नाही असा हुकूम होता. पपई घरात येणं तर बंदच. डॉक्टर म्हणत, सगळं उत्तम आहे, रोज चालत जा. डॉक्टरांचं काय जातंय, असं मी मनात म्हणायचे. लेक आधी हसायची, मग गप्प बसायला लागली, आणि एक दिवस म्हणाली, "आई, तू मला खोलीत उबवायला ठेवलंयस का?" ह्यांना इतकं हसू आलं की हातातला चहा सांडला. मला मुळीच आलं नाही.

आमचे हे पूर्णपणे टिटवीच्या पक्षात गेले होते. डोक्याला हेल्मेट घालून रोज वर जायचे आणि परातीत पाणी ठेवून यायचे. उन्हात ती मादी त्या परातीत बसून पोटाची पिसं भिजवते आणि तशीच ओली जाऊन अंड्यांवर बसते, हे त्यांनी मला दहादा सांगितलं. माझं वाळवण राहिलं, कुरडयांचा चीक करायचा राहिला, त्याचं सोयरसुतक नाही. पक्ष्यांतलं कळणाऱ्या कुणा ओळखीच्याला त्यांनी फोन केला. त्याने सांगितलं, महिनाभर थांबा आणि काहीही करू नका. काहीही न करणं हे आमच्या ह्यांना जन्मजात येतं.

शेवटी एका दुपारी हे झोपलेले असताना मी सूप घेऊन वर गेले. अंडी सुपात घ्यायची आणि पलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर नेऊन ठेवायची, बस्स. नर घिरट्या घालत ओरडत होता. मादी मात्र उडालीच नाही. पाय भाजतील अशा त्या गच्चीवर ती पंख पसरून माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. तिचं पोट ओलं होतं. मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. मग रिकामं सूप घेऊन खाली आले आणि वर कशाला गेले होते ते कुणाला सांगितलं नाही.

मेच्या मध्यावर वळवाचा पाऊस झाला. अर्धा तासच, पण मागची खोली तीन ठिकाणी गळली. लेकीचा पलंग ओढून बाहेरच्या खोलीत आणला. मी बादल्या मांडत होते, टिटवीला, कंत्राटदाराला आणि ह्यांना आलटून पालटून शिव्या देत होते, आणि मधेच मला रडू फुटलं. लेक म्हणाली, "आई, पाणीच आहे ते." तिला काय सांगणार, मला कशाचं रडू येतंय.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी पिल्लं निघाली. काडीसारख्या पायांवर चारही जणं दुपारपर्यंत खडीतून पळत होती. माझ्या मनात नवीन काळजी उभी राहिली. कठडा तीन फूट, ही बोटभर, उतरणार कशी? दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर चौघं कंत्राटदाराने उकरलेल्या भोकातून बाहेर पडून खालच्या छज्ज्यावर उभी. आई-बाप शेजारच्या प्लॉटवर गवतात उभे राहून हाका मारत होते.

मी ह्यांना दोन गाद्या घेऊन प्लॉटवर पिटाळलं. "कुठे पडायचं ते त्यांना सांगू का?" असं विचारत त्यांनी गाद्या अंथरल्या. पहिल्या पिल्लाने उडी मारली ती गादी सोडून गवतात. पडलं, उलटलं, उठलं आणि आईकडे पळालं. मग दुसरं गेलं, मग तिसरं. चौथं छज्ज्याच्या टोकाशी जायचं आणि मागे यायचं. वर एक घार फिरत होती. मी कठड्यावरून वाकून, हात लांब करून सुपाने त्याला आत ओढायला बघत होते.

"राहू दे, आई."

लेक पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर बसली होती. नववा लागलेली बाई एकटी जिना चढून आली होती आणि मला पत्ताच नव्हता.

"ते पडेल," मी म्हणाले.

"बाकीची तीन पडलीच की. ये, बस इथे."

मी सूप खाली ठेवलं आणि तिच्याजवळ जाऊन बसले. तिला धाप लागली आहे का ते बघितलं. लागली नव्हती. आणि एवढे दिवस जे तोंडातून निघत नव्हतं ते तेव्हाच का निघालं, मला माहीत नाही. "त्या दिवाळीला मी तुला बोलवायला नको होतं," मी म्हणाले.

"त्याचा प्रवासाशी काही संबंध नव्हता, आई. परत गेल्यावर सोनोग्राफी केली ना, त्यात दिसलं. वाढ आधीच थांबली होती, आम्ही नाशिकला निघायच्याही आधी. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंच नाहीस. मला वाटलं, तुला तो विषयच नकोय."

खरंच विचारलं नव्हतं. उत्तर काय येईल याची भीती वाटत होती. दोन वर्षं मी त्या भीतीवर बसून होते, आणि एक साधा प्रश्न विचारला असता तर पाच मिनिटांत उठता आलं असतं. मला आधी राग आला, तिचा, माझा, सगळ्यांचाच, आणि मग तिथेच टाकीपाशी भरपूर रडले. तिने मला रडू दिलं.

खालून ह्यांची हाक आली. "चार झाली. आता उतरा दोघी, ऊन तापलंय."

चौथं कधी गेलं, आम्ही बघितलंच नव्हतं. लेक गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली. मी तिचा हात धरून तिला पुन्हा खाली बसवलं.

"बस थोडा वेळ," मी म्हणाले. "काही घाई नाही."