लडकू मामाचं कोपर

लडकू माझा धाकटा दीर. हा पळसदरीचा गडी खोपोलीला बॅटरीच्या कारखान्यात लागला, नि चिखलात भरणारे हात काजळीत भरायला लागले. शिशाच्या भुकटीत काजळी मिसळायची नि तो लगदा बॅटरीच्या प्लेटींवर थापायचा, हे त्याचं काम. "वहिनी, काजळी नसली तर शिसं आवळून बसतं. बॅटरी एकदा उतरली की परत चार्जच घेत नाय," असं कौतुकानं सांगायचा. मी म्हणायची, "कौतुक ऱ्हाऊ दे मेल्या, आधी तुझा टावेल वेगळा ठेव!"

आमची विधवा नणंद मोतीबाई नि तिची पोरगी जनी, दोघींना त्यानंच सांभाळलं. चौऱ्याहत्तर साली जनीचं लग्न ठरलं. नवरा भिवपुरीच्या पॉवरहाऊसमधला, माणसं जरा कडक इस्त्रीची. नवरीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा. लडकूला घोर लागला तो हातांचा. राखेनं घासलं, काथ्यानं घासलं. आदल्या दिवशी कुणीतरी अक्कल दिली, खोबरेल चोळ, मळ सुटतो. ह्यानं वाटीभर तेल जिरवलं. हात असे उजळले की मलाच नवल वाटलं!

पण तेलानं सुटलेली काजळी कातडीतच दबून होती. वैशाखाचं ऊन, भरला मांडव, लडकू घामानं निथळतोय. जनीला दंडाला धरून त्यानं बोहल्यावर उभी केली, तर तिच्या पिवळ्या पातळावर पाची बोटं काळी उठलेली.

नवऱ्याची आत्या फटकन बोलली, "अगं बाई, मामा चुलीतनं उठून आला का काय?" सारा मांडव हसला. अस्सा राग आला मला, तिची जीभच हासडावी!

लडकू मागच्या मागं पसार झाला. पंगतीला बसला नाय. चिंचेखाली हात काखेत खुपसून बसलेला सापडला. "लाज वाटते वहिनी. ऐन बोहल्यावर पोरीला डाग लावला मी."

"डाग कसला रं? ह्याच हातांनी पोसलीस ना तिला?" मी ओरडले. पण ऐकतोय कुठं!

निघताना जनी त्याला शोधत आली. पाया पडली नि तशीच वाकून राहिली. हा हात मागं बांधून उभा.

"मामा, डोक्यावर हात ठेव ना रं."

टेंपोचा भोंगा वाजला. लडकूनं मुठी आवळल्या नि हळूच कोपर तिच्या डोक्याला टेकवलं. लोक परत हसले. जनी ते कोपर धरून हमसून हमसून रडली, पण त्यानं मूठ काय उघडली नाय.