वैभवचा गुडघा

मामांच्या एका वाक्यानं वैभवचा खेळ संपला.

आणि ते वाक्य ऐकून मी मान डोलावली होती.

आज मामांचा दहावा झाला. सगळे लिहितायत, खो-खोचा खरा जाणकार गेला, पोरांचा आधार गेला. खोटं नाही ते. मी पण तेवढं लिहून मोकळा झालो असतो. पण जाताना मामा माझ्यावर एक काम टाकून गेले.

सुधाकर मामा म्हणजे एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. स्वतः कधी खेळले नाहीत, कोचही नव्हते. पण रोज संध्याकाळी पाचला धाराशिवच्या ग्राउंडवर, कट्ट्यावर हजर. शेजारी मी.

आमचा धंदा एकच. समोर पळणाऱ्या पोरांमधून पुढं कोण जाणार, यावर भांडायचं.

"ह्ये जातंय बघ वर."

"कशाचं मामा, दीड मिनिटात दमतंय ते."

"दम वाढवता येतो रं. नजर न्हाय वाढवता येत."

वैभव पहिल्यांदा खांबावर सूर मारताना दिसला तेव्हा मात्र भांडण झालंच नाही.

तेरखेड्याकडचं पोरगं, अठरा वर्षांचं, किडकिडीत. पळणारा खांबापलीकडं गेला की सुटला, असं आपण धरून चालतो. हा खांबाला धरून हवेतच वळायचा आणि पलीकडच्याला टिपायचा.

मामा म्हणाले, "ह्याला जपावं लागंल."

जपायचं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळणार नाही. आपल्याकडं खेळाडू घडतात आणि मोठ्या शहरांतले क्लब त्यांना उचलून नेतात. पुढच्या वर्षी तेच पोरगं आपल्याविरुद्ध उभं. म्हणून ग्राउंडवर अनोळखी माणूस दिसला, की आम्ही आपल्याच चांगल्या पोराची बदनामी करायचो. अगदी प्रेमानं.

एकाला मामांनी दमा लावला होता. दुसऱ्याचं लग्न ठरवून टाकलं, वर सासरा खेळू देणार नाही म्हणून सांगितलं. ते पोरगं नववीत होतं.

आम्ही पोट धरून हसायचो.

मग लीग आली, ड्राफ्ट आला. संघवाले टेबलाला बसणार आणि लीगच्या निवड समितीनं केलेल्या यादीतून एकेक नाव उचलणार. वैभव पुण्याला ट्रायल देऊन आला, यादीत नाव लागलं. मामा आठवडाभर जो भेटेल त्याला धरून सांगत होते.

ड्राफ्टच्या पंधरा दिवस आधी टोपी घातलेला एक माणूस ग्राउंडवर आला. कोच त्या दिवशी गावाला गेलेले. तो आमच्या शेजारी बसला आणि वैभवकडं बोट करून म्हणाला, "हा मुलगा कसा आहे?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. दोघांच्याही मनात एकच, हा क्लबवाला.

मामा म्हणाले, "खेळ चांगलाय, पण गुडघा गेलाय त्याचा. डाक्टर म्हणले, फार दिवस न्हाय खेळायचा."

त्या माणसानं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. वर म्हणालो, "वाईट वाटतं हो."

हे मामांनी सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं जोडलं.

ड्राफ्टच्या दिवशी ग्राउंडवरच मोबाईल लावला, भोवती वीस-पंचवीस जण. कॅमेरा निवड समितीच्या टेबलावर गेला. तिथं तोच माणूस बसला होता. या वेळी टोपी नव्हती.

मामांनी माझा दंड धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही.

सगळी नावं संपली. वैभव हसला. "पुढच्या वर्षी बघू, मामा."

समितीला फोन करून खरं सांगायचं, हे आम्ही त्याच दिवशी ठरवलं. पण मग ते वैभवला कळणार. म्हणून आज करू, उद्या करू, असं करत दिवस घालवले. भित्रे होतो आम्ही, दुसरं काही नाही.

तोवर वैभवचा सूर बंद झाला. खांबाजवळ आला की थांबायचा. लोक म्हणायचे, पोराचं मन उडालं. मामा यायचे, बसायचे, पण कोण पुढं जाणार यावर पुन्हा कधी बोलले नाहीत.

वैभव आता तेवीसचा आहे. तामलवाडीकडं पेट्रोल पंपावर काम करतो. खेळ सुटला.

दवाखान्यात मामा मला म्हणाले, "म्या गेल्यावर त्याला सांग."

"तुम्हीच सांगा की, मामा."

"रोज ठरवतो. आन् त्यो भेटला की आधी पाया पडतो."

आज दहाव्याला वैभव आला होता. सगळं आटोपल्यावर त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं. एका दमात सांगितलं, नाहीतर जमलं नसतं.



तो म्हणाला, "ड्राफ्ट झाल्यावर म्या फोन केला होता समितीवाल्यास्नी. म्हणले, यादीत नावापुढं गुडघ्याचा प्रॉब्लेम लिहिलाय. मला वाटलं, ट्रायलला त्यांच्या डॉक्टरला काय तर दिसलं असंल. आई घाबरंल म्हणून कुणाला बोललो न्हाय."

"आणि सूर?"

"भ्या वाटायचं, दादा. मोडला तर घरी कोण बघणार."



मग त्यानं विचारलं, "मंजी गुडघ्याला कायच झालं नव्हतं?"

"नव्हतं."

तो तिथंच पायरीवर बसला. मी शेजारी बसायला गेलो तर हातानंच नको म्हणाला. थोड्या वेळानं उठला. "लिहा हे. सगळ्यांना कळू द्या," म्हणाला आणि गाडी काढून गेला.

म्हणून लिहिलं. पोस्ट टाकायच्या आधी त्याला पाठवलं होतं. त्यानं वाचलंय, उत्तर आलेलं नाही.

मामा, तुमचं काम केलं. त्यातून कुणाचंच काही भलं झालं नाही.

तुम्हाला माझा शेवटचा नमस्कार.